शेंगांचं सोवळं

माझ्या भाचीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि आम्ही पडलो हुबळीचे. आमच्याकडे भाकरीबरोबर शेंगाचटणी, भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, आणि उपासाच्या दिवशी तर कूट जरा जास्तच. कूट हा पदार्थ आहे असं आम्हाला वाटतच नाही. बहिणीनं बंगळुरूहून फोनवर आईला विचारलं होतं, "काकडीच्या कोशिंबिरीत शेंगदाणे घालतेस का गं?" आई म्हणाली, "छे, शेंगदाणे कशाला घालू? नुसतं कूट." आणि तिनं ते अगदी मनापासून सांगितलं.

भाचीचा नववा वाढदिवस आमच्या हुबळीतल्या केशवापूरच्या घरी करायचं ठरलं. तिची मागणी एकच होती. वर्गात कुणाचाही वाढदिवस असला की बाकीची मुलं केक खातात आणि ही आपल्या डब्यातली बिस्किटं खाते. या वेळी सगळे खातील तोच केक तिला खायचा होता. मी फोनवर मोठ्या तोऱ्यात बोलून गेलो, "मामा करेल ना घरी!" नंतर बहीण फोनवर आली. "दादा, एक कण गेला तरी ओठ सुजतात, श्वास अडकतो. पर्समध्ये इंजेक्शन असतं, पण ते वापरायची वेळ आणू नकोस."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला तसंही अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही.

दुसऱ्या दिवशी बायको आईला समजावायला बसली. कुटाचा चमचा पिठाच्या डब्यात जायला नको, मिक्सरचं भांडं वेगळं हवं, पुसायचं फडकं वेगळं हवं, शेंगातेलाचा हात कशाला लागता कामा नये. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे सोवळंच की! मग एवढं मोबाइलमध्ये बघून काय सांगतेस?"

झालं. आईनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. कुटाचा डबा, मिक्सर आणि तेलाचा कॅन शेजाऱ्यांकडे रवाना झाला. फडकी उकळून उंच दोरीवर काठीनं वाळत पडली. केकची भांडी नवी आली. कोकोच्या पाकिटावरची बारीक अक्षरं आईनं भिंग देऊन माझ्याकडून वाचून घेतली आणि "शेंगदाणे हाताळणाऱ्या कारखान्यात" एवढं ऐकताच दोन पाकिटं परत पाठवली.

"लग्न होऊन आले तेव्हा या घरातलं सोवळं बंद करायला मी किती भांडले," बायको म्हणाली. "आता पिठाच्या डब्याला शिवायला परवानगी मागतेय."

"देव सोडून देतो गं," आई म्हणाली, "ॲलर्जी सोडत नाही."

आता मला जे सांगायचं आहे ते इथंच सांगतो. शेंगांवाचून मला जेवण जाईना. म्हणून मी चटणीची एक लहान डबी स्कूटरच्या डिकीत ठेवली होती. "पेट्रोल बघून येतो" म्हणून खाली जायचं, सीट उचलायची, एक चिमूट तोंडात टाकायची आणि साबणानं हात धुऊन वर यायचं. इतकं पेट्रोल बघावं लागणारी स्कूटर हुबळीत दुसरी नसेल.

वाढदिवसाच्या सकाळी मी अंघोळ करून केक केला. दही घालून, बिनअंड्याचा. असा फुगला की मला भरून आलं. बहीण आणि भाची स्टेशनवरून आल्या आणि भाची ओव्हनसमोर उभी राहून केकचा नुसता वास घेत राहिली. केक निवायला ठेवून मी आनंदाच्या भरात पेट्रोल बघून आलो.

संध्याकाळी सगळे जमले. केक टेबलावर, सुरी भाचीच्या हातात, गाणं सुरू. तेवढ्यात माझ्या खांद्यावरच्या नॅपकिनवर मला लाल तेलकट डाग दिसला. दुपारी आनंदात हात धुवायचे राहिले होते. ते नॅपकिनला पुसले होते, आणि त्याच नॅपकिननं मी केकच्या ताटलीची कड पुसली होती.

खरं सांगतो, गाण्याची एक ओळ मी गप्प राहिलो. कडेलाच तर लागलंय, असं मनात आलं. मग ओरडलो, "थांब! मी शेंगा खाल्ल्यात!"

"कुठं?" बायकोनं विचारलं.

"डिकीत."

"तुम्ही डिकीत मावलात?"

"पेट्रोल बघायला जायचास ते हेच का!" आई कडाडली. "बाटवलास की रे केक, मेल्या!"

भाचीनं सुरी ठेवली, मागं सरकली आणि साबणानं हात धुऊन आली. सवयीनं. मग तिनं बॅगेतून बिस्किटांचा डबा काढून टेबलावर ठेवला. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

"मी आत्ता दुसरा करतो," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. "हौदा? खरंच? मग मी समोर बसणार."

बहिणीनं टेबल साबणानं धुतलं. मला परत डोक्यावरून अंघोळ झाली. आईनं ट्रंकेतून वडिलांचा रेशमी कद काढला. भाचीनं विचारलं, "आज्जी, आजोबा हे नेसून जेवायचे?"

"सणासुदीला जेवायचे."

"मग नको."

आई अभिमानानं म्हणाली, "ही माझ्यावर गेलीय." शेवटी आहेरात आलेला कोरा पंचा मिळाला. तो नेसून, उघड्या अंगानं, पाहुण्यांच्या देखत मी दुसरा केक केला. भाची स्टुलावर बसून माझ्या हातांवरची नजर हलवत नव्हती.

हा केक मध्ये खचला. पहिला देखणा केक आमचं कूट सांभाळणाऱ्या शेजाऱ्यांकडे गेला. भाचीनं खचलेला केक कापला, सगळ्यांना तुकडे दिले आणि म्हणाली, "सगळ्यांनी हाच खायचा." तिनं घास घेतला. आम्ही कुणी चावेना. सगळे तिच्या ओठांकडं बघत बसलो. बहिणीचा हात पर्समध्ये होता.

बराच वेळ गेला. "अरे, मला काही होत नाहीये," ती तोंडभर केकनं म्हणाली. "खा की!"

मग आम्ही खाल्ला. तिनं दुसरा तुकडा घेतला आणि बिस्किटांचा डबा माझ्यापुढं सरकवला. "मामा, हा तू घे. आणि स्कूटरची किल्ली दे."

ती परत जाईपर्यंत आम्ही सगळीकडे ऑटोनं फिरलो.