भागाबाईची साक्ष

बऱ्हाणपूरजवळच्या जसोंडीच्या भागाबाईचा माणसांवर विश्वास नव्हता, आणि माणसांच्या डोळ्यांवर तर मुळीच नव्हता. दारात कोणी उभं राहिलं की आधी ती त्याची नजर तपासायची, मग राम राम घ्यायची. पाहुणा पोराकडे पाहून हसला तरी ती पोराला पदराआड ओढायची.

तिची तीन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिन्ही गोरीगोमटी, तिन्ही गावानं कौतुकानं पाहिलेली. चौथा झाला तेव्हा सुईणीनं नाळ कापली आणि त्याला तसाच नेऊन उकिरड्यावर ठेवला. शेजारच्या मालूबाईनं केर टाकायला जावं तसं जाऊन त्याला उचललं, आणि भागाबाईनं सूपभर ज्वारी देऊन तो तिच्याकडून विकत घेतला. नाव ठेवलं उखर्डू. उकिरड्यावर टाकलेल्या मालाकडे मरणानं तरी कशाला वाकून पाहावं?

तापीच्या खोऱ्यात अशी नावं गावोगाव आहेत. पण नाव नुसतं ठेवून भागत नाही, ते जपावं लागतं. भागाबाईनं ते असं जपलं, की पोराबद्दल एक बरा शब्द कधी तोंडातून बाहेर जाऊ दिला नाही. तो मॅट्रिकला वरच्या नंबरानं पास झाला, तर ही विहिरीवर म्हणाली, "निघाला कसाबसा." तो शिकायला दूरच्या शहरी गेला, तर म्हणाली, "इथं कामाले नको होता, म्हणून धाडला." गल्लीलाही रीत ठाऊक होती. उखर्डू रस्त्यानं निघाला की ओट्यावरून मालूबाई ओरडायची, "आला का रे, मुडद्या?" आणि तो हसून म्हणायचा, "आलो ना, मालूमाय." त्या गावात त्याच्यावरची माया शिव्यांतूनच वाहायची.

राज्यांची नवी वाटणी झाली तेव्हाची ही गोष्ट. बऱ्हाणपूर भोपाळकडे राहिलं, आणि उखर्डूचं विद्यापीठ ज्या शहरात होतं ते शहर मुंबईकडे गेलं. त्याच हिवाळ्यात एका दुपारी उखर्डू पेटी आणि वळकटी घेऊन दारात उतरला. ना सण, ना सुट्टी.

भागाबाईनं त्याच्या तोंडाकडे नाही, पेटीकडे पाहिलं. "सारंच सामान आणलं? काढून टाकलं का?"

"मीच सोडलं, माय."

"मारामारी केली? का कोणाची पोरगी?"

"नाही वं. ऐकून तर घे."

मग त्यानं सांगितलं. दोन वर्षं तो शेतकीच्या वर्गात बाकावर बसून होता. शिकवणारे जुन्या टिपणांतून वाचत, मुलं उतरवून घेत. गहू झाला की हरभरा, हरभरा झाला की पुन्हा गहू. केळीचं सारं मिळून दीड पान. घरच्या बागेत केळीचं पान कडेनं पिवळं पडून मोडत होतं, खोड कापलं की आत तांबडे दोरे निघत होते. ते काय आहे म्हणून त्यानं एकदा विचारलं, तर उत्तर आलं, "अभ्यासक्रमात नाही." त्या दिवसापासून त्याचं मन तिथून उठलं. एका प्राध्यापकाला मात्र त्याची कणव आली. त्यांनी परदेशात लिहिलं. वेस्ट इंडीजमध्ये एक बेट आहे, तिथल्या कॉलेजात केळीवरच मोठं काम चालतं. त्या कॉलेजानं जागा दिली होती, वजीफाही, म्हणजे शिष्यवृत्तीही, दिली होती. उरलेली दोन वर्षं तिथं करायची आणि पदवी घ्यायची.

"कशाची पदवी?"

"शेतकीचीच. पण केळी शिकीन."

भागाबाई हसली नाही. "केळी शिकायले समुद्र ओलांडायचा? जसोंडीत काय केळी उलटी लागते?"

"खर्च सारा तेच देतात, माय."

इथं तर तिचा संशय पक्का झाला. "फुकट कोण नेतं रे कोणाले? फुकट चारा बकऱ्याले घालतात. कशासाठी घालतात, ते बकऱ्याले मालूम नसतं."

पोरगा काहीतरी लपवतोय, असं तिच्या मनानं घेतलं. तो बागेत खोडं चिरून पाहत बसला की ती आडून पाहायची. बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातले वामन गुरुजी त्याच्या पासपोर्टच्या खटपटीत होते. ते सायकलवरून आले की ती चहा ठेवायच्या निमित्तानं चुलीशी बसून कान देई. त्या दोघांच्या बोलण्यात खोट सापडत नव्हती, आणि खोट सापडत नाही म्हणून तिला जास्तच भीती वाटत होती. गावात तिनं सांगून टाकलं, "कॉलेजातून हाकलला." गावानं मान डोलावली. भागामाय असंच बोलणार!

मग एके दिवशी एक परका माणूस गावात आला. साधं धोतर, अंगात बंडी, बोली हिंदी. ओट्याओट्यावर बसून विचारू लागला, उखर्डू कसा पोरगा आहे? दिवस असे होते की विचारणाऱ्याचीच लोकांना धास्ती होती. मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, गेलेली, पटवारी नवा, राज्य नवं. जो विचारायला येतो तो काहीतरी न्यायला येतो, असं लोक धरून चालत.

मालूबाई म्हणाली, "तो? उकिरड्यावर टाकायच्या लायकीचा. मायले छळतो नुसता."

माणूस शेवटी भागाबाईकडे आला. तिनं रीतीप्रमाणे त्याचे डोळे पाहिले. मग खाली पाहिलं. धोतराखाली तांबडे, जाड, सरकारी बूट होते.

"नापास आहे," ती म्हणाली. "हाकलला कॉलेजातून. कुठं धाडायच्या लायकीचा नाही."

माणूस पाणी प्यायला आणि निघून गेला.

दोन दिवसांनी वामन गुरुजी आले ते सायकल भिंतीला टेकवायचीही विसरले. सायकल अंगणात आडवी झाली.

"अहो भागाबाई, काय करून बसलात? ती पासपोर्टची चौकशी होती! शालिग्राम हवालदार होता तो. साऱ्या गावानं पोराला वाईट म्हटलं, आणि सगळ्यांत वाईट तुम्ही. उद्या कागद जिल्ह्याला, खंडव्याला जाईल. तो गेला की पोराचं जाणं बुडालं म्हणून समजा."

उखर्डू दारात उभा होता. तो ओरडला नाही. हलकेच म्हणाला, "माय, तुले मालूम होतं का, तो कोण होता?"

"मी रोज बोलते तेच बोलली."

"मी ते नाही विचारलं."

भागाबाई सुपातले खडे निवडत राहिली. तिला बूट आठवत होते. बूट पाहून तोंड मिटता आलं असतं. तिनं मिटलं नव्हतं, आणि तो माणूस वळला तेव्हा आपल्या छातीत हलकं वाटलं होतं, हेही तिला आठवत होतं. आयुष्यभर तिनं साऱ्या गावाच्या डोळ्यांवर पहारा ठेवला. आज तिचा पोरगा तिच्याच डोळ्यांकडे तसं पाहत होता.

"बैल जुंप," ती म्हणाली.

मायलेक बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात पोचले तेव्हा बाजार भरला होता. उखर्डू गाडीशी थांबला आणि भागाबाई एकटीच पोलीस चौकीत शिरली. हवालदार आज वर्दीत होता.

"पोऱ्याचं सांगायले आली."

"परसों तो सुना दिया था, माताजी."

"ते खोटं होतं."

हवालदारानं तिला खालून वर न्याहाळलं. "परसों झूठ, आज सच? कल क्या होगा? किसी ने सिखाकर भेजा है?"

संशय घेणं तिला जन्मभर जमलं होतं. संशय सोसायचा कसा, ते तिला येत नव्हतं. मग तिनं सारं सांगितलं, तीन लेकरांचं, सुपातल्या ज्वारीचं, नावाचं. हिंदी तिची तुटकी होती, पण हवालदार हळूहळू खुर्चीत सरळ झाला.

तो रीवाकडचा होता. त्याचाही मुलूख आताच या राज्यात मिसळला होता. "हमारे यहाँ उसको घुरहू बोलते हैं," तो म्हणाला. "घूरे पर डाला हुआ. मेरा चाचा घुरहू था. दादी उसे मरते दम तक गाली देती रही." तो थोडा हसला, मग गंभीर झाला. "समझ गया, माताजी. लेकिन मैं अपने मन से क्या लिखूँ? बोलना तो आपको पड़ेगा."

"सारं तर सांगितलं ना."

"अपना डर बताया आपने. लड़के का कुछ नहीं बताया."

भागाबाईनं दाराकडे पाहिलं. बाहेर रस्ता वाहत होता. पानवाला होता, केळीवाला होता, चेहरे होते, डोळे होते. तिनं दार लोटायला हात पुढे केला. हवालदार म्हणाला, "खुला रहने दीजिए, सरकारी काम है." मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं खुर्ची वळवून स्वतःचं तोंड भिंतीकडे केलं. "बोलिए. मैं नहीं देखता."

तिच्या मनात हिशेब नव्हता, फक्त भीती होती. बोललं तर पोरगा मरेल. नाही बोललं तर घरीच राहील, जन्मभर, समोर, जिवंत. आणि मघाशी दारातून विचारलं तसं हलकेच विचारत राहील, तुले मालूम होतं का?

"बाप गेला तवापासून बागेले पाणी त्यानंच दिलं," ती म्हणाली. "लहान होता. रडायचा नाही. दुसऱ्याच्या केळीचं पान कधी तोडलं नाही त्यानं. मी रोज शिव्या देते, आणि तो रोज हसतो." पदर तोंडाशी गेला होता, तो तिनं खाली घेतला. "पोऱ्या चांगला आहे. असा पोऱ्या जसोंडीत दुसरा नाही. त्याले जाऊ द्या."

भिंतीकडे तोंड करूनच हवालदारानं मान हलवली आणि दौत पुढे ओढली.

ती बाहेर आली तेव्हा उखर्डू गाडीशी नव्हता. तो चौकीच्या पायरीशी उभा होता, आणि आपले हात कुठं ठेवावे हे त्याला कळत नव्हतं.

"कवापासून उभा आहे?"

"माय..."

"बैल सोडून आला? कोणी हाकून नेले असते तर?"

तो गाडी हाकू लागला. वेस मागे पडली, मग केळीच्या बागा लागल्या. तो एकदाही मागे वळला नाही, त्यामुळे भागाबाईला त्याच्याकडे पाहता येत होतं. रुंद पाठ होती, मानेवर ऊन होतं. ती डोळे भरून पाहत राहिली. तो जाणार होता, आणि आता तिच्याच शब्दावर जाणार होता. समुद्रावर काही झालं तर दोष द्यायला दुसऱ्या कोणाचे डोळे तिच्याजवळ उरले नव्हते.