सलीमचा कित्ता

नसीमाभाभीचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीतल्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. एरवी ती मेसेज करते, फोन करत नाही, त्यामुळे तिचं नाव दिसताच मी उठून बाहेर आले. "वैजूताई, हे गेले," एवढंच ती म्हणाली. पुढचं तिच्या भावाने सांगितलं. डायलिसिसला निघायची तयारी चालू असताना सलीम खुर्चीतच कलंडला होता. दफन दिवस मावळायच्या आत. मी टॅक्सी केली, पण हिंजवडीच्या कोंडीतून बाहेर पडेपर्यंतच ऊन कलायला लागलं. पुढे सिंहगड रस्त्यावर गाड्या जागच्या हलेनात. धायरीत त्याच्या गल्लीच्या तोंडाशी उतरले, तर पुरुष मंडळी जनाजा खांद्यावर घेऊन समोरच्या वळणावर पोचली होती. मला फक्त पाठी दिसल्या. चेहरा पाहायचा राहिला तो राहिलाच...

सलीम तांबोळी आणि मी कॉलेजात एका वर्गात होतो. त्याचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि सलीमचा हात त्यांच्याहून सरस होता. मला प्रोग्रामिंगचं वेड. संगणकावर तेव्हा मराठी दिसायची ती हिंदीसाठी काढलेल्या अक्षरांत; ल आणि श वेगळेच, आणि 'दऱ्या'मधला तो कोयरीसारखा अर्धा र तर नसायचाच. डोंगरातल्या 'दऱ्या' छापून यायच्या 'दर्या' म्हणून. सलीमला त्याचा शारीरिक त्रास व्हायचा. नारायण पेठेत एका जिन्याखालची खोली भाड्याने घेऊन आम्ही आमचं सॉफ्टवेअर करायला बसलो. अक्षरं त्याची, प्रोग्राम माझा. नाव त्यानेच ठेवलं, 'कित्ता'.

कित्ता चांगला होता. हे मी मैत्रीपोटी म्हणत नाही. ज्यांनी वापरला ते प्रकाशक आजही म्हणतात. पण त्याच सुमारास दिल्लीकडून दुसरं एक सॉफ्टवेअर आलं. त्यातली अक्षरं ओबडधोबड होती, अर्धा र चुकीचा होता. पण त्याची फ्लॉपी कुणीही कुणालाही उतरवून देत असे आणि ते बनवणारी कंपनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढत नसे. आमच्या कित्त्याला लॉक होतं. संगणकाच्या मागे बोटभर लांबीची एक डबी लावावी लागायची, त्याशिवाय तो उघडायचाच नाही. लॉक काढून टाकू, म्हणून मी सलीमच्या किती मागे लागले. तो म्हणायचा, फुकट दिलेल्या वस्तूची पुण्यात किंमत राहत नाही. दोन वर्षांत टायपिंगच्या क्लासांमध्ये ते दुसरंच सॉफ्टवेअर शिकवायला लागले, कारण क्लासवाल्यांकडे तेच होतं.

मग एका दैनिकाने आम्हाला बोलावलं. सगळं कार्यालय नव्या यंत्रणेवर न्यायचं होतं आणि दोन्ही सॉफ्टवेअर शेजारी शेजारी ठेवून निवड करायची होती. ते काम मिळालं असतं तर बाकीची छपाई आपसूक आमच्यामागे आली असती. नाही मिळालं तर खोलीचं भाडंही निघणार नव्हतं. हे आम्हा दोघांना माहीत होतं. एकच अग्रलेख दोन्हीकडे लावून छापला. संपादकांनी दोन्ही कागद उजेडात धरले आणि कित्त्याचा कागद बराच वेळ खाली ठेवला नाही. सलीमने माझ्याकडे पाहिलं. मग व्यवस्थापक बोलले. "तांबोळी, तुमचं अक्षर सुंदर आहे, वादच नाही. पण आमच्या टायपिंगच्या सगळ्या मुलींची बोटं त्या कळफलकावर बसली आहेत. उद्या क्लासमधून जी येईल तिचीही तिकडेच बसलेली असतील. जाहिरातवाले मजकूर पाठवतात तोही त्यातच. आता वाचकाला अर्धा र कळावा म्हणून मी अंक उशिरा काढू का?" सलीम म्हणाला, कळफलक तुमच्या सवयीचा करून देतो. तर व्यवस्थापक म्हणाले, मग फायली कोण बदलणार? तिथे आमचं बोलणं संपलं.

जिना उतरताना तो एवढंच म्हणाला, "आपण त्यांच्याहून वाईट आहोत म्हणून हरलो असतो तर मला झोप लागली असती." पुढे अनेक वर्षं मी कंपन्यांमध्ये या ना त्या यंत्रणेच्या लढती पाहिल्या. प्रत्येक वेळी कुणीतरी हुशार माणूस तक्ता काढून सांगतो की अमुक एक सरस आहे, आणि प्रत्येक वेळी निकाल त्या तक्त्याबाहेर लागतो. शेजाऱ्याकडे काय आहे, कामाला येणारी मुलगी काय शिकून आली आहे, समोरच्याने पाठवलेली फाईल आपल्याकडे उघडते का... लोक वस्तू घेत नाहीत, ते इतरांबरोबर राहतात. हे आज मला शांतपणे लिहिता येतं. तेव्हा येत नव्हतं.

खोली सोडली. मी हिंजवडीत नोकरी धरली आणि सलीम माझ्याशी बोलेनासा झाला. भांडण असं झालंच नाही. तो फोन उचलत नसे, एवढंच. धायरीच्या घरातून मोजक्या प्रकाशकांसाठी तो कित्ता चालवत राहिला. मग सगळ्या संगणकांवर एकाच संकेताने चालणारं युनिकोड आलं, फोनवर मराठी आली, आणि ते दिल्लीचं सॉफ्टवेअरही मागे पडलं. मला वाटलं, निदान आता तरी त्याला हायसं वाटेल. पण नव्या जगात कित्त्यातला जुना मजकूर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. खोली सोडताना सगळे कागद त्यानेच नेले होते; कुठल्या संकेताला कुठलं अक्षर हा तक्ता फक्त सलीमजवळ होता, आणि तो कुणाला देत नव्हता. प्रकाशक मागायचे. तो म्हणायचा, मजकूर हवा असेल तर कित्ता वापरा.

गेल्या वर्षी त्याचाच फोन आला. "वैजू, येशील का?" एवढंच. गेले, तर तो निम्मा झाला होता. किडन्या गेल्या होत्या, एक दिवसाआड डायलिसिस. समोर पवार गुरुजी बसले होते, धायरीचेच, निवृत्त शिक्षक. गावातल्या प्रत्येक वावराला एक नाव होतं. तिथे सोसायट्या उभ्या राहायच्या आधी गुरुजींनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून ती सगळी नावं, त्यामागच्या हकिकतींसह, कित्त्यात टाइप करून ठेवली होती. सांगणारी माणसं आता उरली नव्हती. पुस्तक छापायला घेतलं तर प्रकाशकाच्या संगणकावर ती खिचडी उमटली, आणि सलीमच्या जुन्या संगणकाने त्याच आठवड्यात मान टाकली होती.

"सलीमभाऊ, ह्यात माझ्या बापाच्या वावराचं नाव हाय," गुरुजी म्हणाले. "ते आता कुणालाच वाचता येत न्हाई म्हणत्यात."

सलीम उठला. कपाटातून त्याने तक्त्याचे जुने कागद काढून माझ्यापुढे ठेवले. त्यावरून जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्राम करायला मला काही दिवस लागले. ज्या दुपारी तो पहिल्यांदा चालवला त्या दुपारी सलीम नुकताच डायलिसिसहून आला होता, हाताला पट्टी, बसवत नव्हतं. तरी पडून राहायला तयार होईना. पानं भराभर मराठीत उमटत गेली. मी सुटले असं वाटतंय तोच तो म्हणाला, "थांब." खापऱ्याची पट्टी झाली होती 'खापर्याची'. चाऱ्याचा माळ झाला होता 'चार्याचा'. सगळीकडे नाही, काही पानांवर बरोबर, काही पानांवर चूक. मी पुन्हा पुन्हा तपासलं, माझा प्रोग्राम बरोबर होता. त्याला धाप लागली होती, भाभी दारात येऊन उभी राहिली, मला डोळ्यांनी खुणावत होती की आता पुरे. मी म्हटलं, राहू दे, हाताने दुरुस्त करू. तो माझ्यावर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि मग डोळे मिटून बसला. भाभी त्याच्या छातीकडे बघत होती.

"आपण अर्धा र दोनदा बसवला होता," तो डोळे न उघडता म्हणाला. "पहिल्या आवृत्तीत जागा वेगळी होती. एका छापखान्याची तक्रार आली, त्यांच्या प्रिंटरवर तो उमटत नव्हता, म्हणून हलवला. बघ."

मी पाहिलं. खरंच अर्ध्या र ला दोन संकेत होते. दुसरा घातला आणि खापऱ्या परत आला, चारा परत आला. भाभीने पाणी आणलं.

त्याच संध्याकाळी त्याने मला तो तक्ता आणि प्रोग्राम इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला करायला सांगितलं, लॉक नाही, अट नाही. मी विचारलं, मग कित्त्याचं काय? प्रकाशक एका दिवसात सोडून जातील. "तो कधीच मेलाय," सलीम म्हणाला. "त्याच्याबरोबर लोकांचा मजकूर कशाला पुरायचा?" प्रकाशक खरंच सोडून गेले. गुरुजींचं पुस्तक निघालं, सलीमने ते पाहिलं, आणि मुखपृष्ठावरच्या ल वरून प्रकाशकाला फोन करून दोन खोचक वाक्यंही ऐकवली.

परवा धायरीला गेले होते. सलीमच्या खोलीत भाभी त्याच्या खुर्चीत बसली होती, चष्मा नाकावर. ज्यांना प्रोग्राम चालवायला जमत नाही ते अजून सलीमच्या ईमेलवर फायली पाठवतात. सांगलीहून एका बाईंनी नवऱ्याची नाटकं पाठवली होती. नवरा गेला, नाटकं कित्त्यात अडकली. भाभीने फाईल प्रोग्रामात घातली, उमटलेल्या पानांवरून बोट फिरवत र तपासले, ळ तपासले. हे ती त्याच्या मागे उभं राहून शिकली असणार. मग एकेक कळ शोधत उत्तर लिहिलं, "मजकूर सुटला आहे. सावकाश वाचून घ्या." ते असंच लिहायचे, ती म्हणाली.

उत्तराखाली सलीमचं नाव आपोआप येतं. ते कसं काढायचं ते मला माहीत आहे. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिने बटण दाबलं.