कळशी कमरेवर असली की चालतं

आमच्या गावात मुलगे पळायचे ते देशासाठी, आणि मुली पळाल्या की म्हणे घराण्याचं नाक कापलं जायचं. अजून आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

वडूजपासून जवळच आमचं गाव. घरटी एक तरी माणूस पलटणीत. माझे चुलते, नाना, हवालदार होऊन फौजेतनं परत आलेले. भरतीला जाणाऱ्या पोरांना घेऊन ते रोज सकाळी वडूजच्या रस्त्यानं पळायचे. चड्डी-बनियनवर सगळी टोळी धपाधपा निघायची आणि कट्ट्यावरची म्हातारी माणसं कौतुकानं बघत बसायची. मी तेव्हा नववीत. एकदा म्हटलं, "नाना, आमी बी येतो की."

नाना हसतच सुटले. "पळून कुठं जायाचं हाय गं तुमाला? लढाईवर?"

पोरं खिदळली. त्या दिवशी मी नानांना चहा दिला नाही.

त्याच वर्षी शाळेत खेळाच्या बाई आल्या, सांगलीच्या. त्यांना मुलींचा पळण्याचा संघ करायचा होता. बिचाऱ्या घरोघर फिरल्या आणि घरोघर तेच ऐकून आल्या, "पोरीच्या जातीला शोभतं का बाई?" शेवटी आमच्या ओट्यावर हताश होऊन बसल्या होत्या, तेवढ्यात माझी मैत्रीण समोरनं गेली. शेजारच्या आळीतली, माझ्याच वर्गातली. घरी उशीर झाला म्हणून भरली कळशी कमरेवर घेऊन, परकर खोचून, भर गावातनं ती सुसाट पळत होती. कट्ट्यावरच्या एकानंही मान वळवली नाही.

"हिला कुणी काही बोललं नाही?" बाईंनी विचारलं.

"बोलतील कशाला? पाणी आणतीया ती," माझी आई म्हणाली.

बाई उठल्याच. गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याला वनखात्याची रोपवाटिका होती. दुष्काळातली कामं बंद झाल्यावर तिथं मजूर उरले नव्हते आणि वर डोंगरावर लावलेली रोपं पाण्यावाचून माना टाकत होती. बाई तिथल्या गार्डला भेटल्या आणि दुसऱ्या दिवशी घरोघर सांगून आल्या की मुली रोज सकाळी श्रमदानाला जाणार. श्रमदान म्हटल्यावर काय विचारता! जी माणसं नाक मुरडत होती तीच म्हणाली, "लय चांगलं. पोरीस्नी वळण लागंल."

मग काय! पाच-सहा जणी कळश्या कमरेवर घेऊन शहाण्यासारख्या चालत गावाबाहेर पडायचो. शेवटचं घर मागं गेलं की परकर वर आणि पाय सुटले! रोपवाटिकेच्या विहिरीवर कळश्या भरून डोंगर चढायचा, रोपांना पाणी घालायचं, मग कळश्या गार्डच्या खोपटाशी ठेवून पळत डोंगराला फेरा मारायचा. गार्ड आम्हाला मडक्यांच्या बुडाला भोक पाडून, पाणी झिरपायला त्यात चिंधीची वात घालून ती रोपाच्या मुळाशी पुरायला शिकवायचा. सुरुवातीला आम्हाला झाडांचं काही पडलं नव्हतं, पण करंजाला नवी पालवी आली तेव्हा आम्हीच ओरडून डोंगर डोक्यावर घेतला.

मैत्रीण आम्हा सगळ्यांच्या पुढं. बाईंच्या हातातलं घड्याळ बघून बाईंनाच खरं वाटायचं नाही. तिच्या घरी तिच्या लग्नाचं बघणं सुरू झालं होतं. बाई तिच्या बापाला जाऊन भेटल्या. साताऱ्याला जिल्ह्याच्या शर्यती होत्या. तिथं नंबर आला तर सांगलीच्या वसतिगृहात ठेवून घेऊ, पुढचं शिक्षण तिथंच होईल, असं त्यांनी सांगितलं. बाप म्हणाला, "नंबर आला तर बगू. न्हाई आला तर मातूर यंदा बार उडवायचा." म्हणजे तिचं सगळं त्या एका शर्यतीवर येऊन ठेपलं.

आणि करायला गेलो एक, झालं भलतंच. आमच्या श्रमदानाची कीर्ती पसरली! जिल्ह्याचा कुणी मोठा साहेब वृक्षारोपणाला आमच्याच डोंगरावर येणार, आणि तोही नेमका शर्यतीच्याच दिवशी. सरपंचांनी फर्मान काढलं, पाणी घालणाऱ्या पोरींनी डोक्यावर कळश्या घेऊन साहेबांचं स्वागत करायचं. बाई हेडमास्तरांपुढं रडल्या, सरपंचांच्या पाया पडायच्या बाकी राहिल्या.

"शर्यत काय, पुढल्या वर्षी हायच की," सरपंच म्हणाले. "सायेब रोज येत्यात व्हय?"

पुढल्या वर्षी! आणि मुलांचं काय म्हणाल? मुलं गेली की साताऱ्याला! त्यांना कुणी अडवलं नाही. आम्ही नव्या परकर-पोलक्यात, डोक्यावर कळश्या घेऊन रस्त्याकडंला उभ्या, आणि त्यांची एस.टी. आमच्यासमोरनं गेली. मुलांना घेऊन निघालेल्या नानांनी खिडकीतनं हात केला. मैत्रिणीनं मान हलवली नाही, पाणी सांडलं असतं. तिच्या गालावरनं काय ओघळत होतं ते मात्र कळशीतलं नव्हतं. मला वाटलं, आपली कळशी घ्यावी आणि सरपंचांच्या फेट्यावर उपडी करावी. केली नाही, याचा अजून राग येतो.

साहेब आले दुपारी. एक रोप लावलं, फोटो काढला. बघायला लोटलेल्या गर्दीनं आमची चार करंजं तुडवली, ती कुणाला दिसलीसुद्धा नाहीत. साहेबांबरोबर कोरेगावकडचे एक ऊसवाले आले होते. इतका वेळ उन्हात न डुलता कळशी धरणारी मुलगी त्यांना आपल्या मुलासाठी फार पसंत पडली. पोरगी कामाची दिसते, म्हणाले. महिन्याभरात मैत्रिणीची सुपारी फुटली. डोंबलाचं श्रमदान!

चार वर्षांनी मी कोरेगावच्या स्टँडवर उभी होते, तर समोर मैत्रीण. कडेवर पोर, बरोबर सासू. बोलणं सुरू होतंय तोवर त्यांची एस.टी. फाटकाकडं सुटली. तिनं पदर खोचला, पोर कमरेवर घट्ट धरलं आणि सुटली की! स्टँडवरची माणसं बघतच राहिली. फाटकाशी गाडीला गाठून तिनं पत्र्यावर थापा मारल्या आणि गाडी उभी केली. पोर खदखदा हसत होतं.

आम्ही दोघी मागनं चाललो होतो. सासू कौतुकानं म्हणाली, "लय चपळ हाय आमची सून. म्हायेरी डोंगराला पानी घालायची म्हनं."

माझ्यानं राहवलं नाही. "पाण्याचं निमित्त होतं, आत्या. पळायची ती. जिल्ह्यात पहिली आली असती, पर जाऊ दिलं न्हाई."

म्हातारी थबकली. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा लांब फाटकाशी उभ्या सुनेकडं.

"आन् मग तवाच का न्हाई सांगितलं कुनी?"

"सांगितलं असतं तर पळू दिलं असतं व्हय?"

म्हातारी झपाझपा गाडीकडं निघाली. कंडक्टर घंटी वाजवत होता आणि मैत्रीण एक पाय पायरीवर ठेवून गाडी अडवून उभी होती.