टारुविंगाचा नेम आणि अंबुयांचं गाढव

टारुविंगाने गोळी झाडली ती वारुळावर कोळशाने काढलेल्या रानरेड्यावर. लागली ती वीस पावलं बाजूला, चुलीवर ठेवलेल्या सेकुरू माशिंगांच्या किटलीला. दोन्ही भोकांतून चहा दोन दिशांना उडाला. रिकामा पेला हातात घेऊन बसलेल्या सेकुरूंनी तो पालथा घालून खाली ठेवला.

"साखर घातली नव्हती अजून," ते म्हणाले. "तेवढी वाचली."

झांबेझीच्या खोऱ्यात या सेकुरूंनी, म्हणजे आजोबांनी, चाळीस वर्षं जनावरांचा माग काढला. पायाचा ठसा बघून रेडा कुठल्या पायाने लंगडतो, हे ते सांगत. बंदूक मात्र कधी हातात धरली नाही. ते काठीने जागा दाखवायचे आणि बाकीचे मारायचे. जागा हृदयाची. गंमत अशी की त्यांचं कूळच हृदयाचं, म्हणजे हृदय हेच कुळाचं देवक, त्यामुळे हृदय खाणं वर्ज्य. शिकारीतलं हृदय ठरलेलंच: बायकोच्या, म्हणजे अंबुयांच्या ताटात. त्या मिटक्या मारत खायच्या आणि हे समोर बसून भोपळ्याची भाजी.

टारुविंगा नवा वनरक्षक. मागच्या महिन्यात त्याने एका रेड्याच्या पोटात गोळी घातली आणि त्या जखमी जनावरामागे सगळे दोन दिवस जीव मुठीत धरून फिरले. आता नदीकाठच्या मक्यात दुसरा रेडा घुसला होता. त्याच्या खात्याच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, "हा एका गोळीत पडला तर बंदूक तुझी. नाहीतर उद्यापासून फाटकावर बस आणि दांडा वर-खाली कर."

हाताशी एकच दिवस होता. सेकुरूंनी अंबुयांचं गाढव आणून आडवं उभं केलं.

"पुढच्या पायाची रेघ धर. तशीच वर जा. छातीच्या खालून तिसऱ्या हिश्शाशी थांब. सगळा रेडा बघू नकोस, तिथला एक केस बघ." आणि तिथे कोळशाने गोल काढला.

अंबुया पाण्याहून आल्या. "माझ्या गाढवाला काय फासलंत हे?"

"शिकवणी चालू आहे."

"कोणाची? ते तर तुम्हा दोघांपेक्षा शहाणं आहे!"

सेकुरूंनी टारुविंगाच्या हातात काठी दिली. "दाखव, कुठे मारशील?" काठी पायावरून वर चढली आणि हळूच मागे, पोटाकडे घसरली. पुन्हा दाखवायला सांगितलं, पुन्हा घसरली. सेकुरूंनी काठीकडे पाहिलं, मग टारुविंगाच्या तोंडाकडे.

"अरे, तुझं कूळ कुठलं?"

"पायाचं," टारुविंगा पुटपुटला. आणि मग सगळंच बाहेर आलं. त्याच्या आजीने लहानपणी बजावलं होतं, ज्याच्या नावावर आपण जगतो त्याला इजा करू नये. पायाची रेघ धरली की बंदूक आपोआप मागे सरकायची.

अंबुया हसता हसता खाली बसल्या. सेकुरू मात्र खवळले. "पाय खायचा नाही! बघायला कोणी मनाई केली? माझं कूळ हृदयाचं. चाळीस वर्षं गोळ्या नेमक्या तिथेच मारायला लावतोय. एका तरी पूर्वजाने तक्रार केली का?"

"पण सेकुरू, पायाला लागली तर?"

"म्हणून तर वर मार म्हणतोय, बाबा! पाय वाचवायचा तोच एक रस्ता आहे."

हे टारुविंगाला पटलं. आतापर्यंत त्याला हे असं कोणी सांगितलंच नव्हतं.

सकाळी मक्याच्या कडेला रेडा आडवा उभा राहिला. टारुविंगाने पायाची रेघ धरली, मनातल्या मनात पायाची माफी मागितली आणि तसाच वर चढला. मागून सेकुरू कुजबुजले, "केस." बार झाला. रेडा चाळीस पावलं धावला, गुडघ्यांवर आला आणि पडला. पाय चारही शाबूत. साहेबांनी टारुविंगाच्या पाठीवर थाप मारली.

दुपारी रेडा फाडला तेव्हा हृदयाच्या चिंध्या निघाल्या. अंबुया कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता मी काय खाऊ? याचा नेम?"

टारुविंगाला ते ऐकूच गेलं नाही. बंदूक खांद्यावर, छाती बाहेर, तो सेकुरूंपुढे येऊन उभा राहिला.

"सेकुरू, आता पुढच्या वेळी मी एकटा जाऊ ना?"

"जा, पण कुठल्या बाजूला चाललास ते आधी गावाला सांगून जा."