निळ्या फुलाची जागा

चर्चच्या मंडळीत सगळे त्यांना फुलवाल्या काकू म्हणत. काकूंची फुलं होती मात्र प्लास्टिकची. दफनभूमीतल्या ज्या कबरींकडे कोणी ढुंकूनही बघत नसे, तिथे त्या ती खोचून ठेवत. दर शनिवारी साबणाच्या बादलीत खळखळून धूत आणि पुन्हा ज्याचं त्याला नेऊन देत. निळं फूल मात्र एकच होतं, कुंपणालगतच्या मातीवर. तिथे दगड नव्हता, नाव नव्हतं. जन्मतःच गेलेली त्यांची मुलगी तिथे होती आणि तिची खूण म्हणजे ते फूल.

नवे पाळकसाहेब आले. सृष्टी देवाची, तिची निगा राखणं हीसुद्धा सुवार्ताच, असं त्यांनी उपासनेत सांगितलं. काकूंना ते अगदी पटलं, आणि पटलं म्हणूनच पंचाईत झाली. इतकी वर्षं आपण सेवा केली की नुसता कचरा केला? प्लास्टिक काढायचं काम साहेबांनी त्यांच्याच गळ्यात घातलं, तेव्हा नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि हो म्हणून बसल्या.

सफाईच्या दिवशी काकूंनी फाटकापासून सुरुवात केली. निळं फूल शेवटी काढायचं आणि तिथे दगड ठेवायचा, असा बेत होता. दगड पिशवीत आणलाही होता. पण तरुण मंडळींचा उत्साह भलताच. त्यांनी कुंपणाकडून सुरुवात करून गवताबरोबर फूलही उपटलं, माती सपाट केली. काकू पोचल्या तेव्हा कोपरा कसा लख्ख झाला होता.

त्या इथे उभ्या राहिल्या, तिथे उभ्या राहिल्या. या खांबाजवळ की त्या? इतकी वर्षं त्या फुलाकडेच बघत आल्या होत्या, खांबाकडे कोण बघतंय? बरं, रागवायचं तरी कोणावर? पोरांनी काकूंनीच सांगितलेलं काम केलं होतं.

तेवढ्यात साहेब रोप घेऊन आले. "काकू, हे तुमच्या हातानं लावा. कुठे खणू या?"

"इथे नको. माझी मुलगी इथेच कुठेतरी आहे," काकू म्हणाल्या. "कुदळ लागेल तिला."

रोप फाटकाबाहेर लागलं.

काकू अजूनही शनिवारी बादली भरतात. सगळ्या कोपऱ्याला पाणी घालतात, वीतभर जागाही कोरडी सोडत नाहीत. गवत चांगलं वाढलंय. दगड अजून पिशवीतच आहे.