बाबांचा उरलेला शब्द

बाबा दुखण्यातून उठले तेव्हा त्यांच्याकडे एकच शब्द शिल्लक होता. चिंधी.

देवाचं नाव नाही, आईचं नाही, माझं तर नाहीच. चाळीस वर्षं कापड बेतणाऱ्या माणसाच्या तोंडात उरावी ती चिंधी. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला की कधीकधी असं होतं, एखादाच शब्द शाबूत राहतो. दादाने त्याचा अर्थ काढला, "म्हणजे त्यांना आता काही कळत नाही." त्याला शिवणाचं दुकान बंद करून बाबांना स्वतःच्या घरी न्यायचं होतं. मी म्हटलं, महिनाभर थांब.

तसा हा शब्द त्यांनी आयुष्यभर वापरून गुळगुळीत केलेला. बेतून उरली ती चिंधी, कापलेल्या बोटाला बांधायची ती चिंधी. घासाघीस करणारं गिऱ्हाईक चिंधी, मी शिवलेली पहिली बाही चिंधी. भांडण पेटलं तर समोरच्याच्या अब्रूच्या चिंध्या. आता तीच पाणी झाली, पंखा झाली, "आईला बोलाव" झाली. मी आपली सुरावरून ओळखायची आणि निम्म्या वेळा चुकायची.

महिना संपत आला होता. त्या सकाळी मी एका गाणाऱ्या बाईंच्या कोटाची मखमल टेबलावर पसरली. कापड मोजकंच. पाठ बसली, पुढचे भाग बसले, दुसरी बाही काही मावेना. मग मी अतिशहाणपणा केला आणि बाहीच्या आकाराचा कागद उलटा फिरवला. चपखल बसला. खडू ओढून मी कात्री उचलली.

"चिंधी," खुर्चीतून बाबा म्हणाले.

त्यांच्या तोंडातून लाळ गळायची, म्हणून मी फडका दिला. त्यांनी तो भिरकावला. पाणी दिलं, तेही नको. दादा नुकताच येऊन दारात उभा होता. "बघ," तो म्हणाला. मला दोघांचाही राग आला.

तेव्हा बाबांनी डाव्या, धडक्या हाताने टेबलावरच्या मखमलीचं टोक ओढलं. माझं बोट धरून त्यावरून खाली नेलं. मऊ लागलं. मग वर नेलं. लव उभी राहिली आणि रंग काळपट दिसू लागला.

मखमलीचे सगळे तुकडे लवेच्या एकाच दिशेने बेतायचे, नाहीतर एक बाही अंगावर वेगळ्याच रंगाची दिसते. हे मला माहीत होतं, नेमकं तेव्हाच विसरले. त्यांनी ते खुर्चीत बसून पाहिलं होतं. सबंध माणूस जसाच्या तसा आत होता, आणि आम्ही महिनाभर त्याच्यासमोरच त्याच्याबद्दल बोलत होतो.

मी कागद सरळ केला. बाही पुन्हा मावेना. बाबांनी कॉलरच्या आतल्या पट्टीच्या कागदावर बोट ठेवलं. खरंच, ती बाजू दिसत नाही, तिला दुसरं कापड चालतं. मी तो कागद मखमलीवरून उचलला आणि बाहीला जागा झाली.

दादा आत आला आणि खुर्चीजवळ उकिडवा बसला. "बाबा, माझ्याकडे राहायला यायचंय तुम्हाला?" दुखण्यानंतर हे त्याने पहिल्यांदाच त्यांना विचारलं.

बाबांनी त्याच्या गालाला हात लावला, मग टेबलाकडे पाहिलं. "चिंधी," ते हळूच म्हणाले.

दादा माझ्याकडे वळला नाही. त्याला अर्थ विचारावा लागला नाही.

"बरं," तो म्हणाला. "मग मीच येत जाईन."