मेंबरअण्णांची घागर

मेंबरअण्णा जन्मात कधी मेंबर झाले नाहीत. कार्पोरेशनच्या निवडणुकीला एकदाच उभे राहिले आणि पडले, तरी बेंगळुरूच्या पेठेतल्या आमच्या गल्लीनं त्यांना मरेपर्यंत त्याच नावानं हाक मारली. निवडणुकीआधी ती हाक लाडाची होती. नंतर तिच्यात टोमणा शिरला. अण्णा मात्र दोन्ही वेळा तशीच मान डोलवून 'सरी, सरी', म्हणजे बरं बरं, म्हणत.

गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. गळ्यात टेप, कानामागे खडू आणि तोंडात एक कानडी शब्द, 'आगतदे', म्हणजे होईल. सदऱ्याचं बटण असो की मुलीचं स्थळ, अण्णांचं उत्तर तेच. थट्टा करणारे म्हणत, अण्णांना यमानं बोलावलं तरी ते आगतदे म्हणतील आणि दिवाळीनंतर या असं सांगतील. पण खरं सांगायचं तर त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पुष्कळदा व्हायचंही. मी मॅट्रिक झाल्यावर बाबांनी मला शाळेत मास्तरीण व्हायला साफ नाही म्हटलं होतं. अण्णा तीन दिवस संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. नोकरीचा विषयही काढला नाही, नुसते बसले. चौथ्या दिवशी बाबाच कंटाळून हो म्हणाले. मी पुढे जे चार घास स्वतःच्या कमाईचे खाल्ले, ते अण्णांमुळे. हे आधी सांगते, कारण पुढचं सांगताना माझी जीभ कडू होते.

एकच गोष्ट अण्णांच्यानं होत नव्हती. गल्लीत नळ येत नव्हता. आम्ही त्याला नल्ली म्हणायचो. बायका दोन गल्ल्या ओलांडून पाणी आणत, रांगेत भांडत, घसरून पडत. अण्णांनी कार्पोरेशनच्या पायऱ्या झिजवल्या आणि शेवटी म्हणाले, आत बसल्याशिवाय हे व्हायचं नाही. म्हणून ते उभे राहिले. चिन्ह मिळालं घागरीचं. समोर एक कंत्राटदार होता.

अण्णांच्या सावलीसारखे होते विठ्ठलराव. पितळी भांड्यांचे दुकानदार, अण्णांचे लहानपणापासूनचे सोबती. एक कॉफी मागवून दोघांत पिण्याची त्यांची रीत साऱ्या पेठेला ठाऊक होती. अण्णा बोलत आणि विठ्ठलराव हसत, असा एकंदर प्रकार. प्रचारात खरी पितळी घागर डोक्यावर घेऊन हा भारदस्त माणूस वॉर्डभर फिरला.

बायकांकडे मात्र अण्णांनी आपल्या बायकोला पाठवलं. अक्का कधी उंबऱ्याबाहेर न पडणाऱ्या, देवळाखेरीज कुठे न जाणाऱ्या. त्यांनी हळदीकुंकवाचं बोलावणं करावं तसं घरोघर अक्षत देऊन मताचं बोलावणं केलं. डोक्यावरून न्हाऊन या, रेशमी नेसा, येताना कुंकू आणि फूल आणा. घागर म्हणजे नवरात्रातला आपला घटच समजा आणि मत तिला वाहा. बायकांना हे चटकन पटलं. पुरुषांच्या सभा त्यांना कधी कळल्या नव्हत्या, घट कळत होता.

त्या काळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे. पडद्याआड जायचं आणि आपल्या माणसाचं चिन्ह असेल त्या पेटीच्या फटीत कागद टाकायचा. मी शाळेच्या घाईनं सगळ्यांच्या आधी मत टाकून आले. नंतर साऱ्या गल्लीतल्या बायका सणासारख्या नटून गेल्या आणि तृप्त चेहऱ्यानं परतल्या.

अण्णा अगदी थोडक्या मतांनी पडले.

निकालाच्या संध्याकाळी आमच्या देवीच्या देवळात गल्ली जमली. नुसत्या गल्लीची मतं पडली असती तरी अण्णा आले असते, हे कोणालाही कळत होतं. मग ती गेली कुठे? अण्णांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. ते उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "विठ्ठला, कंत्राटदाराच्या मुलीच्या लग्नाची भांडी तुझ्याच दुकानातून गेली ना?"

एवढंच. पण लोकांना तेवढं पुरलं. विठ्ठलरावांनी अण्णांकडे नुसतं पाहिलं आणि चपला घालून ते निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून गल्लीनं त्यांच्याकडून पळीसुद्धा घेतली नाही. उत्सवात आरतीचं ताट त्यांच्या हाती येण्याआधीच पुढे सरकू लागलं. वर्षाच्या आत दुकान उचलून ते बायकोमुलांसह आनेकलला सासुरवाडीच्या गावी गेले.

ते जाण्याआधीच मला खरं काय ते समजलं होतं. आमच्या शाळेतल्या एक बाई मतदान केंद्रावर कामाला होत्या. त्या हसत हसत सांगू लागल्या, घागरीच्या पेटीवर कागदांचा ढीग, वर फुलं, पेटीला कुंकू. आत काही पडलंच नाही. बाहेरचे कागद नियमानं बाद झाले. मला हसू आलं नाही. मी अक्कांकडे गेले आणि गोड बोलून विचारलं. अक्का अभिमानानं म्हणाल्या, "घटाच्या आत कुणी कागद कोंबतं का, शांते? वर ठेवला, नमस्कार केला. माझं बघून सगळ्यांनी तसंच केलं."

मी धावत दुकानात गेले आणि अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं. मला वाटलं, आता उठतील, विठ्ठलरावांच्या घरी जाऊन पाय धरतील. ते म्हणाले, "स्वल्प हळू बोल. आत अक्का आहे." मग सांगू लागले की अक्कानं जन्मात घराबाहेरचं एकच काम केलं, तिच्यामुळे मी पडलो हे तिला कळलं तर ती अन्न सोडेल.

"आणि विठ्ठलराव?"

"तो पुरुष आहे. सोसेल."

माझ्यासाठी तीन संध्याकाळी ओट्यावर बसणारा माणूस हाच, आणि मित्राच्या अब्रूसाठी खुर्चीवरून न उठणारा माणूसही हाच. विठ्ठलरावांचं सामान गाडीवर चढलं त्या दिवशी अण्णांनी दुकान उघडलं नाही. तेवढंच प्रायश्चित्त त्यांना परवडलं. आणि त्यांच्या उपकारांखातर मीही तोंड उघडलं नाही.

बरीच वर्षं गेली. कंत्राटदारानं नळ आणला तो पलीकडच्या गल्लीत, स्वतःच्या मतदारांना. आमच्या बायका पाणी भरताना म्हणत, विठ्ठलरावानं विकलेल्या मतांचं हे फळ. अक्काही म्हणत. अण्णा आतून ऐकत आणि मशीन जोरात चालवत.

अक्का गेल्या तेव्हा त्यांचे दिवस होताच अण्णांनी आनेकलची बस धरली. परत आले ते सरळ माझ्याकडे. विठ्ठलरावांनी त्यांना आत बसवलं, कॉफी दिली. अण्णांनी अडखळत सगळं कबूल केलं, तेव्हा विठ्ठलराव म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं, अण्णा. माझ्या बायकोनंही कागद तसाच ठेवला होता. अक्काकडे बोट दाखवून मी माझं नाव धुवायचं का? तू बोलशील म्हणून वाट बघितली."

मी म्हटलं, आता अक्का नाहीत, आता तरी देवळात उभं राहून सांगा. अण्णांनी डोळे पुसले. म्हणाले, विठ्ठलानं एवढी वर्षं अक्काचं नाव झाकलं, ते मी कसं उघडं पाडू? म्हणजे विठ्ठलरावांचा मोठेपणाही शेवटी यांच्याच कामाला आला. मी त्यांना चहा विचारला नाही. त्यानंतर त्यांच्या दुकानावरून जायची वेळ आली की मी पलीकडच्या बाजूनं जाई.

पुढच्याच वर्षी अण्णा गेले. आनेकलहून पहिल्या बसनं विठ्ठलराव आले. तिरडी उचलली तेव्हा ते पुढे झाले, पण गल्लीतल्या पुरुषांनी खांदा बदलताना त्यांना जागा करून दिली नाही. ते सगळ्यांच्या मागून अनवाणी चालत गेले.

त्या दुपारी अण्णांच्या ओट्यावर जमलेल्या बायकांना मी सगळं सांगून टाकलं. कागद, पेटी, नियम, विठ्ठलराव, काही ठेवलं नाही. मग सगळ्यांत म्हाताऱ्या होत्या त्या पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "म्हणजे आमची मतं घटाला पोचलीच नाहीत?"

बाकीच्याही रडू लागल्या. विठ्ठलरावांचं एकीनंही विचारलं नाही.